कापडाची जास्वंद आणि क्रेप कागदाचा गुलाब: कापणीपासून देठापर्यंत

गणपतीची मूर्ती सांगायला कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत फेऱ्या सुरू झाल्या की घरोघरी मखराचा विषय निघतो, आणि यंदा फुलं घरीच करू असं कुणीतरी म्हणतं. साहित्य येतं, व्हिडिओ बघून एका बैठकीत फूल तयारही होतं. पण दोन दिवसांत पाकळ्या माना टाकतात, फूल देठावर गरागरा फिरतं, नाहीतर लाल रंग पांढऱ्या मखरावर उतरतो. दोष गोंदाला दिला जातो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली-बायकांची बिघडलेली फुलं मी उसवून बघते, तेव्हा चूक जवळजवळ नेहमी चिकटवण्याच्या आधीची निघते. कागदाच्या सुरकुत्यांच्या रेषा आडव्या गेलेल्या असतात, कापडाला ताठपणासाठी खळ दिलेली नसते किंवा साचा न घेता अंदाजाने कात्री चालवलेली असते. म्हणून या लेखात निम्मी जागा तयारीला दिली आहे. तो भाग सोडून थेट गुलाबावर उडी मारू नका.

१. फूल कुठं बसणार ते आधी ठरवा

भाद्रपदात कोल्हापूरची हवा दमट असते. क्रेप कागद ही ओल ओढून घेतो, त्याच्या सुरकुत्या सैल पडतात आणि पाकळी लोंबते. त्यामुळे दाराच्या चौकटीला, गॅलरीत, खिडकीलगत कागदाचं फूल लावू नका; तिथं कापडाचंच हवं. कागदाची फुलं आतल्या भिंतीवर किंवा मखराच्या पाठीमागच्या बाजूला चांगली टिकतात. मूर्तीच्या हातात, गळ्यात, गौरीच्या मुखवट्याजवळ कापडाचं फूल द्या, कारण तिथं अक्षता, पाणी, हळद-कुंकू पडणारच.

> सावधान: समई, निरांजन आणि कापूरारती यांच्या आसपास कागदाचं किंवा कापडाचं, कुठलंच फूल नको. आरतीचं ताट ओवाळताना ज्योत कुठवर जाते ते हात फिरवून बघा आणि त्याच्या बाहेर किमान दोन फूट जागा मोकळी सोडा.

२. साहित्य गोळा करताना

कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात घाऊक भावानं मिळतं. पण पाव मीटरसाठी तेवढं लांब जायची गरज नाही, घरातले उरलेले ब्लाउजपीस पुरतात. सुती पॉपलीन किंवा केंब्रिक सगळ्यात चांगलं. ९० सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) पाव मीटर कापडात खाली दिलेल्या मापाच्या पाच-सहा जास्वंदी बसतात.

तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात जाण्याआधी पक्कं लक्षात ठेवा. देठाला १८ किंवा २० नंबर, पाकळीच्या पाठीला २६, आणि बारीकसारीक कामाला २८. पाकळीला २० नंबरची तार घातली की पाकळी जड होऊन मागं पडते, आणि देठाला २६ घातली की फूल मान टाकतं. एकाच नंबरात सगळं उरकायला जाऊ नका.

बाकी साहित्य: फेव्हिकॉल, भक्कम दोरा, फ्लोरल टेप (देठाला गुंडाळायची पट्टी), पक्कड, विणायची सुई, जुन्या पत्रिकेचा जाड कागद, पिंजलेला कापूस, पिवळी रांगोळी. कात्र्या मात्र दोन ठेवा. कागद कापलेल्या कात्रीची धार जाते, आणि मग ती कापड चावते.

ग्लू गन असेल तर ती शेवटी मखराला फुलं लावायला वापरा. पाकळी जोडायला तिचा डिंक जाड बसतो, खाली गाठ दिसते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात.

३. कापड कशाचं आहे ते जाळून बघा

दुकानदार काहीही सांगो, आपण खात्री करायची. कापडाचे दोन-तीन धागे सुटे काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर मेणबत्तीला लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सुती. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन.

हे का करायचं? सुती कापडाच्या कडा ज्योतीवर बंद होत नाहीत, ते सरळ पेट घेतं. त्याला खळच द्यावी लागते. पॉलिस्टर सॅटिन आणि ऑर्गेन्झा खळ नीट पीत नाहीत. त्यांच्या कडा ज्योतीच्या उष्णतेनं वितळवूनच दशा (कडेचे सुटणारे धागे) थांबतात. कापड ओळखायला चुकलात की पुढची सगळी पद्धतच चुकते.

४. खळ: सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी

नव्या सुती कापडाला गिरणीची खळ असते. ती काढल्याशिवाय आपली खळ सारखी मुरत नाही, मधेमधे टक्कल पडल्यासारखे मऊ डाग राहतात. म्हणून आधी कापड कोमट पाण्यात धुवा. लाल रंग वेगळ्या बादलीत, पाणी निवळ येईपर्यंत. मग वाळवा.

एक वाटी फेव्हिकॉलला तीन वाट्या पाणी, हे प्रमाण जास्वंदीला बरोबर बसतं. गुठळी राहू न देता हलवा. कापड बुडवा, पिळू नका. दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा द्रावण गाळा. प्लॅस्टिकच्या कागदावर सपाट पसरा आणि तळहातानं बुडबुडे काढा. जरा ओलसर असतानाच उचलून उलटं करा, नाहीतर एक बाजू प्लॅस्टिकसारखी चकचकीत होते. पावसाळ्यात पूर्ण वाळायला रात्र लागते. घाई झाली म्हणून ओल्या खळीवर थेट इस्त्री फिरवली तर फेव्हिकॉल इस्त्रीला चिकटतो. वाळल्यावरच, वर-खाली बटर पेपर घालून इस्त्री करा.

पेजेची किंवा साबुदाण्याची खळही चालते, कापड छान ताठ होतं. पण ती झुरळांना आवडते आणि दमट हवेत पुन्हा मऊ पडते. चार दिवसांच्या सजावटीला ठीक. फुलं पुढच्या वर्षी काढायची असतील तर फेव्हिकॉलच.

> तपासा: खळ दिलेल्या कापडाचा बोटभर तुकडा कापून एका टोकाला आडवा धरा. पुठ्ठ्यासारखा ताठ राहिला तर खळ जास्त झाली, पाकळीला मोड पडेल. लगेच वाकला तर कमी. किंचित कमान करून उभा राहिला की कापणीला घ्या.

५. साचा

जास्वंदीची पाकळी: उंची ७.५ सेंमी, वरच्या तिसऱ्या भागात रुंदी ६ सेंमी, बुडाशी निमुळती होत १.५ सेंमी. वरची कड अगदी गोल नको, हलकी लाटेसारखी.

गुलाबाला तीन साचे. लहान थेंबाच्या आकाराचा, ४ रुंद आणि ६ उंच. मधला बदामाच्या आकाराचा, ५ रुंद आणि ६ उंच. मोठाही बदामच, ६.५ बाय ६.५ सेंमी. लहान पाकळ्या ३, मधल्या ५, मोठ्या ७.

साचे जाड कागदाचे करा आणि प्रत्येकावर उंचीच्या दिशेनं बाणाची रेघ ओढा. ही रेघ पुढच्या पायरीत लागते, आणि तीच बहुतेकजणी ओढत नाहीत.

६. कापणी: रेषा उभ्या, कापड उरेब

"ताई, माझी पाकळी वळतच न्हाई, नुसती लांब होतीया," हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. क्रेप कागद हातात घ्या. त्यावर बारीक सुरकुत्यांच्या रेषा एकाच दिशेनं दिसतात. रेषांच्या दिशेनं ओढलं तर कागद ताणत नाही. रेषांना आडवं ओढलं तर भरपूर ताणतो. पाकळीला वाटी यायला ती मधोमध रुंदीत ताणली पाहिजे. म्हणजे रेषा बुडापासून टोकाकडे उभ्या हव्यात, साच्यावरच्या बाणाच्या दिशेनं. कागद वाचवायला साचा आडवा ठेवला की पाकळी रुंदीत ताणतच नाही, उभी लांबते आणि कडेनं फाटते. चार पाकळ्या कमी निघाल्या तरी चालेल, साचा फिरवू नका.

कापडाचं गणित याहून थोडं वेगळं आहे. काठाच्या दिशेनं कापड ओढा, जवळजवळ हलत नाही. पन्ह्याच्या दिशेनं थोडं हलतं. कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे उरेब, ओढलं तर छान लवतं. पाकळीचा बाण काठाशी ४५ अंशात ठेवा. उरेब कापलेल्या कडेला दशाही कमी सुटतात. उभ्या धाग्यावर कापलेली पाकळी कितीही दाबली तरी सपाट राहते.

पेन्सिलनं आखून कापा आणि आखलेली रेघ कात्रीच्या बाहेरच्या बाजूला जाऊ द्या, पाकळीवर ती राहायला नको. एकावर एक चार पदरांपेक्षा जास्त कापू नका. खालचे पदर सरकतात आणि पाकळ्या लहानमोठ्या होतात.

> तपासा: कापून झालेल्या पाकळ्यांपैकी एक कागदाची आणि एक कापडाची घ्या, दोन्ही अंगठे मध्यावर ठेवून बाहेर हलकं ताणा. खोलगट वाटी आली तर पुढं चला. नाही आली तर थांबा, पुढं काहीही करून ती पाकळी सुधारणार नाही.

७. जास्वंद

खरी जास्वंद तोडून समोर ठेवा. कोल्हापुरात परसात, गॅलरीतल्या कुंडीत कुठंही मिळते. पाच पाकळ्या असतात, आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते. सगळ्या एकाच दिशेनं फिरलेल्या. हा फिरकीचा क्रम बसला की लांबून बघणाराही जास्वंद ओळखतो. तो चुकला तर नुसतं लाल फूल दिसतं.

*आधी दांडा.* २० नंबरची २५ सेंमी तार घ्या. वरच्या ९ सेंमीवर लाल कापडाची अर्धा सेंमी रुंद उरेब पट्टी फेव्हिकॉल लावत तिरपी गुंडाळा. टोकाला लाल दोऱ्याच्या गाठी मारलेले २८ नंबर तारेचे पाच छोटे तुकडे बसवा. खऱ्या फुलात तिथं पाच लाल ठिपके असतात, चार किंवा सहा नव्हेत. त्याच्या खालच्या ३ सेंमीवर भरतकामाच्या लाल दोऱ्याचे दीड सेंमीचे तुकडे चहूबाजूंनी बांधा, त्यांच्या टोकांना फेव्हिकॉल लावून पिवळ्या रांगोळीत बुडवा. रव्याला हळद लावूनही असाच परिणाम येतो, पण रव्याला मुंग्या आणि किडे लागतात. दांडा सुकल्यावर एकदा उलटा धरून टिचकी मारा. सुटी रांगोळी आत्ताच पडू दे, पाकळीवर नको.

*मग पाकळीची तार.* २६ नंबरची १२ सेंमी तार पाकळीच्या पाठीवर मधोमध ठेवा, टोकाच्या अलीकडे एक सेंमीला थांबवा. तिच्यावर त्याच कापडाची एक सेंमी रुंद पट्टी फेव्हिकॉलनं दाबून बसवा. तार टोकापर्यंत नेली तर टोक भाल्यासारखं ताठ उभं राहतं.

*मग शिरा.* पाकळी किंचित ओलसर करा. पाण्याचा हात फक्त, शिंपडू नका. बुडाकडून वर पंख्यासारख्या बारीक चुण्या घाला, दोरा गुंडाळून तासभर ठेवा. सोडून उलगडली की जास्वंदीच्या शिरा उमटलेल्या असतात. वरची कड दोन बोटांत धरून जरा ताणत जा, लाट येते.

*शेवटी जोडणी.* रांगोळीचा भाग खाली जिथं संपतो तिथून ५ सेंमी खाली पहिली पाकळी दोऱ्यानं बांधा. दुसरी तिच्या उजव्या कडेखाली सरकवून, तिसरी दुसरीच्या उजव्या कडेखाली, असं चार. पाचवी पाकळी चौथीच्या खाली जाते, आणि तिची उजवी कड मात्र पहिलीच्या *वर* यायला हवी. इथं पाचवी दोन्हीकडून खाली ढकलली जाते आणि फिरकी मोडते. सगळ्या पाकळ्या एकाच उंचीवर बांधा. प्रत्येक पाकळीला दोऱ्याचे तीन घट्ट वेढे द्या. सगळ्या धरून एकदाच वेढा दिला तर पहिली पाकळी सरकते.

खाली हिरव्या कापडाची पाच टोकांची अडीच सेंमी उंच पट्टी गुंडाळा, आणि तिच्याखाली सहा-सात बारीक हिरवी पातं. ही पातं बहुतेकजणी विसरतात. फूल मूर्तीच्या हातात तिरपं बसलं की नेमका हाच भाग समोर येतो.

> तपासा: देठ धरून फूल उलटं लटकवा आणि हलकं झटका. पाकळी फिरली तर दोरा सैल आहे. टेप लावण्याआधी आत्ताच सोडून पुन्हा बांधा.

८. क्रेप कागदाचा गुलाब

आधी ओल्या कापसाचा बोळा कागदाच्या कोपऱ्यावर दाबा. रंग कापसाला लागला, आणि बहुतेक वेळा लागतोच, तर फेव्हिकॉल अगदी हात राखून वापरा. त्यातलं पाणीच रंग उतरवतं आणि सुरकुत्या सपाट करतं. काडेपेटीच्या काडीनं पातळ थर द्या, अर्धा मिनिट थांबा, चिकट झाला की पाकळी दाबा. ओला असताना दाबत बसलात की पाकळी सरकत राहते आणि बोटांचे डाग पडतात.

१८ नंबरच्या ३० सेंमी तारेच्या टोकाला पक्कडनं आकडा करा. त्यात कापूस अडकवून २ बाय ३ सेंमीची अंड्याच्या आकाराची कळी गुंडाळा. आकडा न करता कापूस चिकटवला तर फूल देठावर फिरायला लागतं.

पाकळ्या चिकटवण्याआधी घडवून घ्या. आधी वरची कड विणायच्या सुईवर बाहेरच्या बाजूला गुंडाळून सोडा. *त्यानंतर* मध्याला अंगठ्यांनी वाटी द्या. उलट क्रमानं केलं तर कड गुंडाळताना वाटी चेपते. आतल्या तीन लहान पाकळ्यांची कड मात्र वळवायची नाही, त्या कळीला मिठी मारून बसतात.

पहिल्या लहान पाकळीनं कापसाचं टोक पूर्ण झाका. वरून पांढरं दिसलं तर पुढची सगळी मेहनत वाया. दुसरी-तिसरी एकमेकींच्या कडा झाकत लावा. मग मधल्या पाच, प्रत्येक आधीच्या दोघींच्या फटीसमोर. शेवटी मोठ्या सात, तशाच फटी झाकत. गोंद फक्त बुडाच्या एक सेंमीला, वरचा भाग मोकळा.

गुलाब बिघडतो तो इथं. प्रत्येक थराला पाकळ्या नकळत थोड्या खाली सरकतात आणि शेवटी फूल शंकूसारखं लांबट होतं. प्रत्येक पाकळी लावताना तिचं बूड आधीच्या बुडाच्या रेषेत आहे ना, हे फूल डोळ्यासमोर आडवं धरून बघा. मोठ्या पाकळ्यांची बुडं अर्धा सेंमी चुणून घेतली तर त्या आपोआप बाहेर झुकतात. खाली पाच हिरवी टोकदार पातं लावा, खऱ्या गुलाबाला पाचच असतात.

९. झेंडू आणि सॅटिनचं फूल, थोडक्यात

झेंडूला साचा लागत नाही. क्रेप कागदाची घडी न उलगडता तिच्या टोकाकडून ६ सेंमीची पट्टी कापा. रेषा आपोआप बरोबर दिशेनं येतात. एका कडेला बारीक कातरे द्या, दुसऱ्या कडेवर धावदोरा घाला, ओढून चुण्या करा आणि गुंडाळत बांधा. माळ करायची तर तार नकोच, दाभणानं सरळ ओवा.

सॅटिनसाठी ८, ७, ६ आणि ५ सेंमी व्यासाची वर्तुळं प्रत्येकी दोन कापा, प्रत्येकाला कडेकडून मध्याकडे पाच काप द्या. कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या *बाजूनं*, एक-दीड सेंमी लांब ठेवून फिरवा. ज्योतीच्या वर धरली तर काजळी बसते, आणि पांढऱ्या सॅटिनवरून ती निघत नाही. मोठ्यावर लहान रचा, मध्ये मणी घालून टाके मारा.

> सावधान: पंखा बंद, खिडकी उघडी, केस बांधलेले, पदर-ओढणी खोचलेली, शेजारी पाण्याची वाटी. वितळलेली कड लगेच बोटानं दाबू नका, ती कातडीला चिकटून भाजते. हे काम मुलांना देऊ नका. त्यांना झेंडूला बसवा.

१०. देठ

फ्लोरल टेप हाताला चिकटत नाही म्हणून खराब निघाली असं समजून फेकू नका. ताणल्यावरच ती चिकट होते. फुलाच्या बुडाशी दोन वेढे सरळ द्या, मग ताणून तिरपी धरा आणि एका हातानं *तार* फिरवत जा. टेप आपोआप खाली उतरते. टेप हातानं गुंडाळत गेलं की ती सैल बसते आणि दोन दिवसांत उलगडते. टेप नसेल तर हिरव्या क्रेप कागदाची, झेंडूसारखीच घडीच्या टोकातून कापलेली, एक सेंमीची पट्टी चालते. ती लांबीत ताणते, म्हणून घट्ट बसते. तिला मात्र थोडा फेव्हिकॉल लागेल.

तारेचं टोक पक्कडनं मागं दुमडून मगच टेप संपवा. मखराच्या कापडात आणि मुलांच्या हातात उघडं टोक घुसतं.

११. लावणं आणि काढून ठेवणं

आदल्या दिवशीच लावा. ताज्या गोंदाची फुलं लगेच डब्यात किंवा पिशवीत कोंबू नका. पावसाळ्यात त्यांना रात्रभर पंख्याखाली उलटी टांगलेली ठेवा. थर्माकोलला तार टोचता येते. लाकडी फळीवर ग्लू गनचा ठिपका द्या, पण तो फुलाच्या हिरव्या भागाला लावा, पाकळीला नाही.

विसर्जनाच्या दिवशी ही फुलं निर्माल्यात जाऊ देऊ नका. तार आणि सॅटिन कुजत नाहीत, आणि इराणी खाणीवर किंवा पंचगंगेच्या घाटावर निर्माल्य वेगळं गोळा करणाऱ्यांच्या हाताला ती तार लागते. मूर्ती हलवण्याआधीच सगळी फुलं मोजून काढून घ्या. कागदाचं फूल खराब झालं असेल तर कागद सोडवून तार काढा. १८ नंबरची तार पुढच्या वर्षी तशीच चालते.

कापडाची फुलं पुठ्ठ्याच्या खोक्यात देठ खाली करून उभी ठेवा, वर काही रचू नका. झुरळांसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबर गोळी कोपऱ्यात टाका, फुलांना चिकटेल अशी नको. पुढच्या वर्षी बाहेर काढल्यावर पाकळी चेपलेली दिसली तर किटलीच्या वाफेवर लांबून क्षणभर धरा, बोटानं आकार द्या, गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. हे फक्त कापडाला. क्रेप कागदाला वाफ दाखवलीत तर सुरकुत्या जातील आणि रंगही उतरेल.